सावनेरची धनुष्यं आणि मनोहरचा घाम

मे महिन्यातली सकाळ, अकरा वाजले असतील. फोन शोभावहिनींचा होता, माझा मित्र मनोहर याच्या पत्नीचा. "भाऊजी, तुम्ही या," एवढं म्हणून त्या थांबल्या. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मी त्या खोलीत कूलर लावला..." मी फोन ठेवला. चप्पल घातली आणि निघालो. ज्या खोलीत गेली बावीस वर्षं मनोहरनं ओला टॉवेल, पाण्याचा तांब्या किंवा नुकताच आंघोळ करून आलेला पाहुणासुद्धा शिरू दिला नव्हता, त्या खोलीत कूलर लागला, याचा अर्थ अडवायला मनोहर उरला नव्हता. एवढं कळायला विज्ञानाचा मास्तर असण्याची गरज नव्हती. मी तर चौतीस वर्षं तोच होतो.

आमची घरं रामदासपेठेतल्या एकाच गल्लीत, समोरासमोर. पोचलो तेव्हा मनोहर खोलीच्या मधोमध सतरंजीवर निजलेला होता, अंगावर पांढरी चादर. आंघोळ करून, वर्तमानपत्र उघडून खुर्चीत बसला आणि तसाच गेला, असं वहिनी म्हणाल्या. त्यांच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांनी बैठकीतला कूलर ओढत आणून खिडकीशी ठेवला होता आणि त्यातून ओला वारा भसाभसा आत येत होता. मी मनोहरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि मग, खोटं कशाला सांगू, त्याच्या मागच्या लाकडी कपाटाकडे पाहिलं. त्या कपाटात अकरा धनुष्यं होती. बांबू, लाकूड, म्हशीचं शिंग आणि जनावराच्या शिरांचे धागे सरसानं एकमेकांना चिकटवून केलेली. सरसाला ओल लागली की जोड सुटतो, हे त्यानं इतकी वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. तेव्हा रडायचं सोडून मी कपाट उघडलं आणि एकेक धनुष्य काढून माझ्या घरी न्यायला लागलो.

प्रत्येक धनुष्याला वहिनींनी जुन्या सुती साडीची खोळ शिवली होती. ती लांबुडकी गाठोडी काखेत मारून माझ्या उन्हातून फेऱ्या चाललेल्या, तेवढ्यात कामठीहून मनोहरचे थोरले चुलतभाऊ आले. त्यांनी फाटकातच मला थांबवलं. "मास्तर, तिरडीले बांबू दोनच लागतात. इतके काहून आणले?" मी काही सांगणार तोच त्यांनी एक गाठोडं चाचपून पाहिलं. "अन् हे तं सारे वाकडे हायेत गा! सरळ नव्हते का दुकानात?" बायकांच्या घोळक्यात बसलेल्या वहिनींचे खांदे हलले. बायकांना वाटलं, हुंदका आला. एकीनं त्यांना जवळ घेतलं. तो हुंदका नव्हता, हे फक्त मला ठाऊक. सगळ्यांत मोठ्यानं जो हसला असता तो मात्र निजून होता.

मनोहर पाटबंधारे खात्यात आरेखक होता. आयुष्यभर त्यानं कालव्यांचे नकाशे काढले. अंगापिंडानं असा की भरलेली बादली जिन्यावरून नेताना तीनदा टेकवायचा. लहानपणी गलोलसुद्धा हातात धरली नसेल. पन्नाशीला एक वर्ष कमी असताना हा गृहस्थ कामासाठी सावनेरकडे गेला, जीप बिघडली आणि दुरुस्तीला वेळ होता म्हणून एका सुताराच्या कारखान्यात जाऊन बसला. तिथं खुंटीवर एक धनुष्य होतं. दोरी काढलेलं. चांगलं धनुष्य दोरी काढली की उलट्या बाजूला वळून बसतं, हे तोवर त्याला माहीत नव्हतं. तो त्याला कशाचं तरी मोडकं शिंग समजला. मग त्या सुतारानं गुडघ्याखाली दाबून ते उलटं वळवलं, दोरी चढवली, आणि मनोहरच्या भाषेत सांगायचं तर "झोपलेला साप उठून बसला."

ते सुतार म्हणजे शेषराव मिस्त्री. घराणं बैलबंडीची चाकं करणारं. पण त्यांचे आजोबा कमठेही करत, आणि शेषरावांनी ती विद्या धरून ठेवली होती. सावनेरकडे धनुष्याला कमठाच म्हणतात. धनुर्विद्येतली जाणती माणसं कुठून कुठून विचारत त्यांच्याकडे यायची, दीड-दीड वर्ष थांबायची. कारण सरस वाळायलाच वर्ष जातं, आणि मिस्त्री पावसाळ्यात कामाला हात लावत नसत. मनोहरनं त्या दिवशी लगेच म्हटलं, मला हा विकत द्या. मिस्त्रींनी त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. "जो वढंल त्यालेच देतो साहेब. भिंतीले टांगाचं असंन तं कॅलेंडर घ्या."

ओढायचं म्हणजे त्यांची परीक्षा असे. गिऱ्हाइकानं दोरी स्वतः चढवायची. मग ती तीन वेळा कानापर्यंत ओढायची, तीन श्वास धरायची आणि तितक्याच सावकाश परत आणायची. मध्येच दोरी सोडली तर बाण नसलेल्या धनुष्याच्या चिरफळ्या उडतात. नाही उडाल्या तरी मिस्त्री माणसाला बाहेर काढत. मनोहरनं पहिल्या खेपेला दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि त्याचे हात असे लटपटले की मिस्त्रींनीच पुढे होऊन धनुष्य धरलं. "तुमी नहराचे नकाशेच काढा साहेब," ते म्हणाले. हे त्याला लागलं. ऑफिसात साहेबानं सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली तरी ज्याला झोप लागायची, तो मनोहर त्या एका वाक्यानं पेटला.

त्यानं सायकलची जुनी ट्यूब आणून बेडरूमच्या खिडकीच्या गजाला बांधली आणि रोज सकाळी ती कानापर्यंत ओढू लागला. एक वर्ष! गल्लीतून जाणाऱ्याला खिडकीत एक लालबुंद, डोळे वटारलेला माणूस दिसायचा. दूधवाल्यानं वहिनींना हळूच विचारलं, "साहेबाले बांधून ठेवता का जी?" एकदा ट्यूब तुटली आणि उलट येऊन त्याच्याच नाकावर बसली, तर सुजलेलं नाक घेऊन हा ऑफिसला गेला. मी त्याला म्हटलं, "मनोहर, अरे तू विकत घेऊन करणार काय? शिकार?" तो म्हणाला, "पाहीन गा." "नुसतं पाहणार?" "तू तुह्या बायकोले पाहाले गेला होता तेव्हा काय करत होता?"

वर्षानं त्यानं परीक्षा दिली. मी सोबत होतो, कारण पडला तर उचलायला कोणीतरी हवं. तिन्ही वेळा दोरी कानापर्यंत गेली. तिसऱ्या वेळी त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, दातांतून सुटलेला, बारीक. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. मिस्त्रींनी मान हलवली, इतकंच. येताना स्कूटर मी चालवली आणि मनोहर मागे धनुष्य छातीशी धरून बसला होता. कोराडीच्या पुढे आल्यावर मला कळलं की हा मागे रडून राहिला आहे. मी आरशात पाहिलं आणि स्कूटर हळू केली. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

घरात धनुष्य आलं आणि वहिनींच्या हालांना सुरुवात झाली. चातुर्मासात कांदा न येणाऱ्या घरात म्हशीचं शिंग आलं, ते त्यांनी देवघरापासून दूर ठेवायच्या अटीवर चालवून घेतलं. पण खरी गोष्ट पुढे होती. नागपूरच्या मे महिन्यात ज्या घरात कूलर चालत नाही त्या घरात एकतर पैसा नसतो नाहीतर अक्कल नसते. मनोहरनं जाहीर केलं की बेडरूममध्ये कूलर चालणार नाही, त्याची ओल धनुष्याला बाधते. "धनुष्याले सर्दी होते म्हणून आम्ही भाजून निघायचं?" वहिनी म्हणाल्या. तर हो, तसंच. दोघं नवरा-बायको बैठकीत गाद्या टाकून निजू लागली आणि बेडरूममध्ये धनुष्य एकटं झोपायचं. मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडची मंडळी पाहायला आली, त्यांनी घर फिरून पाहिलं आणि विचारलं, "ही खोली कोणाची?" मनोहरनं अभिमानानं कपाट उघडलं. नशीब, मुलगा इंजिनिअर निघाला. त्याला आवडलं.

गल्लीतल्या रामनवमीच्या मंडळाला एका वर्षी हे कळलं. मिरवणुकीच्या झाकीतल्या रामाच्या हातात खरं धनुष्य हवं, म्हणून अध्यक्ष चार जणांना घेऊन आले. मनोहर नाही म्हणत होता, पण रामालाच नाही कसं म्हणणार? त्यानं दाखवायला म्हणून खोळ काढली आणि पाणी आणायला आत वळला. अध्यक्षांना वाटलं, दोरी लावायची राहिली आहे, आपणच लावू. धनुष्य ज्या बाजूला वळलं होतं त्याच बाजूला त्यांनी दोरी धरली. म्हणजे उलटी! तशी चढवून ओढली असती तर मिस्त्रींचं दीड वर्ष एका क्षणात मोडलं असतं. मनोहर दारातून असा ओरडला की अध्यक्षांच्या हातातून दोरी पडली आणि मनोहरच्या हातातून पाण्याचा तांब्या, तोही त्याच खोलीत. त्यानंतर तासभर तो फरशी कोरडी करत होता. त्या वर्षी झाकीतल्या रामानं प्लास्टिकचं धनुष्य धरलं, आणि मनोहरनं प्रायश्चित्त म्हणून सगळ्या मंडळाला सरबत पाजलं.

एकाचे दोन झाले, दोनाचे सहा. दर तीन वर्षांनी एक, असं त्याचं चालायचं. मी चेष्टा करायचो, पण एकदा त्यानं मला धरून बसवलं. पडदा सारून उजेड घेतला आणि पहिलं धनुष्य माझ्या डोळ्यांसमोर आडवं धरलं. "जोड सापडतो का पाहा, मास्तर." एका बाजूनं काळं शिंग, मध्ये बांबू, दुसऱ्या बाजूनं शिरांचा थर, आणि कुठे एक संपून दुसरं सुरू होतं ते मला दहा मिनिटं शोधूनही सापडेना. बोट फिरवलं तर बोटालाही नाही. मी त्या धनुष्याला दोरी चढवून मागितली आणि ओढून पाहिलं. छातीपर्यंतही आली नाही. "हे हातानं केलंय?" मी विचारलं. "हातानंच," तो म्हणाला, आणि मिस्त्रींचे हात जणू त्याचेच असावेत असा खूश झाला.

मिस्त्रींशी तोवर त्याचं घरच्यासारखं झालं होतं. ते कामात मग्न असताना तासन् तास जवळ बसायचा. एकदा मीही होतो, तेव्हा मिस्त्री सहज बोलून गेले, "माह्या बापाच्या हातचा जोर सुटला तरी तो चाकं करतच राहिला. लोकायच्या बंड्या रस्त्यात बसल्या. कोणी त्याले सांगे ना. मी तसं करनार नाही. ज्या दिवशी माहा कमठा ढिला निघंन, त्या दिवशी रंधा ठेवला." आम्ही दोघांनी ऐकलं. मी विसरलो. मनोहर विसरला नाही.

आता सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनी माझ्याकडे आल्या, चेहरा उतरलेला. "भाऊजी, हे बाथरूममध्ये कण्हतात. रोज सकाळी. विचारलं तर काही नाही म्हणतात. मला भीती वाटून राहिली." मी मनोहरला धरून आमच्याच गल्लीच्या टोकाशी असलेल्या दवाखान्यात नेलं. रामदासपेठेत राहण्याचा हा एक फायदा, आजार सुचायचा अवकाश, तज्ज्ञ हजर. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, नको ते प्रश्न विचारले, आणि सोनोग्राफी सांगितली. त्यासाठी लिटरभर पाणी पिऊन बाकावर बसायचं होतं. मनोहर पाणी प्यायला, अर्धा तास बसला, पाय आवळत राहिला, आणि शेवटी त्याला ते असह्य झालं. "मास्तर, मले काही झालं नाही गा. मी सराव करून राहिलो."

"कशाचा?"

"कण्हण्याचा."

मग तो सगळं बोलला. मिस्त्री पाय घसरून पडले होते, मनगट मोडलं होतं, ते जुळलं तरी त्यात पहिला जोर आला नव्हता. शिंग चिकटवताना दोरानं करकचून आवळावं लागतं, शिरांचे थर दाबून बसवावे लागतात. ते आता त्यांच्यानं होत नव्हतं. नवा कमठा ढिला निघाला होता. मनोहरनं परीक्षेला दोरी धरली तर ती सहज कानापर्यंत आली, आणि समोर मिस्त्री बसलेले. त्यांचा स्वतःचाच जोर गेल्यामुळे त्यांना तो जडच वाटत होता. "मले काही सुचलं नाही," मनोहर म्हणाला. "मी कण्हलो. पण ते काही जमलं नाही गा, रेडा ओरडल्यासारखं झालं. म्हणून सराव." एवढं बोलून तो उठला आणि सोनोग्राफीचं पाणी जिथं जायचं तिथं घालवून आला.

मी विश्वास ठेवला नाही. घरी जाऊन माझा सिलिंडर तोलायचा हूकचा काटा आणला. मनोहरनं पहिलं धनुष्य कानापर्यंत ओढलं, काटा अठरा किलोच्या पुढे गेला. नवं ओढलं, आठ. मी म्हटलं, "सांगून टाक त्यांना. खरं ते खरं." मी आयुष्यभर खरे तेच मार्क दिले, अर्ध्या मार्कानं नापास झालेल्या पोराचा बाप घरी आला तरी दिला नाही. कारागिराशी खोटं वागणं हा त्याचा अपमान आहे, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. मनोहर धनुष्याची दोरी उतरवत होता. "तुह्या शाळेत पोरगं नापास झालं तं पुढच्या वर्षी पुन्हा बसे ना? मग मिस्त्रीले पुढचं वर्ष कुठून आणू सांग? बायको गेली. पोरं खाणीत कामाले लागले, दिवाळीले येतात. रंधा ठेवला की तो माणूस उरत नाही, मास्तर." आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी बोललो, कारण तो बरोबर होता आणि ते मला आवडत नव्हतं.

त्यानंतरचे पाचही कमठे असे घेतले गेले, वर्षाला एक. दर तीन वर्षांचा नेम मोडून वर्षाला एक, कारण बाकीची गिऱ्हाइकं शहाणी होती, ती एकेक करून गळाली होती. सावनेरची ती स्वारी म्हणजे नाटकाचा दौरा असे. घाम हा मोठा प्रश्न. उन्हाळ्यात तो आपोआप येतो, पण थंडीत काय करणार? मग मनोहर सदऱ्याच्या आत दोन स्वेटर घालायचा, आणि सावनेरच्या बसस्टँडवरच्या टपरीत भज्यांसोबत चार हिरव्या मिरच्या चावून खायचा. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, अशा तयारीनं आम्ही मिस्त्रींच्या दारात. तिथं तो दोरी हनुवटीपर्यंत आणून थांबायचा, हात थरथरवायचा, माझ्याकडे मदतीच्या आशेनं पाहायचा, मग नाकातून श्वास घेऊन कानापर्यंत न्यायचा. "बाप्पा! मिस्त्रीजी, मारता का मले?" मिस्त्री गालात हसायचे. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो, कारण माझा चेहरा मला सांभाळता यायचा नाही. एकदा एक मिरची जरा जास्तच लागली आणि मनोहरला खरोखरच उचकी लागली, तर मिस्त्रींनी त्याला पाणी देत म्हटलं, "साहेब, तब्येतीले जपा जी." परतताना हा स्कूटरवर मला म्हणतो कसा, "आज काम चांगलं झालं, नाही? उचकी तं सुचलीच नव्हती."

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. एकटे, बसनं, ऐंशीच्या पुढचा माणूस. काखेत धोतरात गुंडाळलेला कमठा. मी तिथंच होतो. अकराही धनुष्यं आदल्या दिवशीच पुन्हा कपाटात लावली होती, कूलर बैठकीत गेला होता. मिस्त्री मनोहरच्या फोटोसमोर बसले. वहिनी चहा करायला गेल्या तसे ते माझ्याकडे सरकले. "मास्तर, एक गोष्ट मनात हाये. आता सांगतो. साहेबाचा जोर गेला होता. तुमाले दिसत होतं का नाही माहीत नाही, पन मले दिसे. घाम काय, थरथर काय, डोयात पानी... मले भेव वाटे, हा माणूस माह्या दारात मरन. म्हणून मागचे पाच कमठे म्या मुद्दाम हलके केले. त्याले कळू देलं नाही. त्याले वाटे, आपन भारी वढून राहिलो."

मला हसू आलं की रडू, ते अजून सांगता येत नाही. मी तोंडाला रुमाल लावला. ही त्यांनी स्वतःची घातलेली समजूत होती, की खरंच ते हलके करत होते? मनोहर मूर्ख ठरला होता की मिस्त्री? काटा लावून पाहायची गोष्ट नव्हती. पण मिस्त्रींनी स्वतःच लावला. त्यांनी धोतर सोडलं आणि कमठा बाहेर काढला. काय देखणा! जोड आजही सापडत नव्हता. "हा मातर हलका नाही. हा खरा केला, पुऱ्या जोराचा. शेवटी आपलं नाव राहाले पाहिजे. साहेबाले देनार नव्हतो, नुसता दाखवनार होतो." त्यांनी गुडघ्याखाली दाबून दोरी चढवली. हात कापत होते, तिसऱ्या खेपेला चढली. मग माझ्यापुढे धरला. "वढून पाहा."

माझं वय सत्तर. पहिला कमठा माझ्यानं छातीपर्यंतही आला नव्हता, हे मी वर लिहिलंच आहे. मी उभा राहिलो, दोरी धरली आणि ओढली. ती आली. पडदा सारावा तशी, थेट कानापर्यंत. मी खाली पाहिलं तर मिस्त्री तोंड अर्धवट उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते, निकालाच्या दिवशी पोरं बघायची तसे. चौतीस वर्षं मी त्या नजरेला खरं सांगत आलो होतो. आणि त्या दिवशी, मनोहरच्या फोटोसमोर, मी कण्हलो. काय कण्हलो! "आई गं, आई गं" करत मी हात थरथरवले, गुडघे वाकवले, दोरी परत आणताना भिंतीचा आधार घेतला.

"जड हाये ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"जड? मिस्त्रीजी, खांदा उतरला माझा."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याही पहिल्या नंबरच्या पोराच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. मग ते फोटोकडे वळून म्हणाले, "साहेबाच्यानं तं हा हललाही नसता." ज्यानं खिडकीला ट्यूब बांधून नाक सुजवून घेतलं, वर्षभर झिजून ज्यानं पहिली परीक्षा खरोखर पास केली, त्या माझ्या मित्राबद्दल. पण मी म्हटलं, "नाही जी. नसता हलला." मनोहरसाठी मी आयुष्यात जे काही केलं असेल, त्यात हे सर्वांत अवघड होतं.

मिस्त्रींनी कमठा माझ्याच हाती ठेवला. "रोज वढत जा. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याले दुसरा घेऊन येतो, तुमच्यासाठी. सरस भिजत घातला हाये." म्हणजे रंधा चालूच होता. मी त्यांना ऑटोत बसवून परत आलो, तर वहिनी खोलीच्या मधोमध उभ्या, हातातल्या ट्रेमध्ये चहाचे तीन कप तसेच. त्या किती वेळ दारात होत्या कुणास ठाऊक.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आई गं नाही म्हणायचं."

"काय?"

"हे आई गं कधी म्हणत नव्हते. आणि इतकं मोठ्यानं तर नाहीच. सहा वर्षं बाथरूमच्या दाराशी उभी राहून ऐकलंय मी." त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. पदर सावरला. डावा हात पुढे ताणला, उजवा कानापाशी नेला, नाकातून श्वास घेतला, मध्येच दाबून धरला... आणि दातांतून एक बारीक आवाज सोडला. तो मनोहर होता. शंभर टक्के मनोहर, शेवटी जरासा लाजल्यासारखा खाली उतरणारा. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"पुन्हा एकदा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा केलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता तुम्ही करा. दसऱ्याला वेळ आहे, पण तुम्हाला वेळ लागेल."